साय

स्कॅनवर डॉक्टरांनी पेन टेकवलं:
कपाळामागे, डोळ्यांच्या जरा वर,
बोराएवढी जागा.
गाठ काढली, तिच्यासोबत थोडं आणखी गेलं.
बाकी सगळं शाबूत. बुद्धी उत्तम.

उत्तम आहेच.
छावणीतल्या दुकानासमोर अच्युत उभा,
पोहे घ्यावेत की कचोरी,
दोन्ही बाजू वकिलासारख्या मांडतोय:
तेल, भाव, काल काय खाल्लं होतं.
मागे रांग. ‘भिया, बोलो तो सही.’
चाळीस मिनिटं झाली. निकाल नाही.

आतून कुणी ‘हे’ म्हणतच नाही त्याला.

आणि मला वाटायचं, माणूस विचार करून ठरवतो.
मी कुठं केला होता?
रामबागेत मला बघायला आले तेव्हा
कान तुटलेला कप चुकून बाबांपुढे गेला
आणि यानं, बोलणं न तोडता,
तो स्वतःकडे ओढून घेतला.
तेवढ्यात ठरलं माझं. पोटात कुठंतरी.
पत्रिका मग जुळवल्या.

माहेरून आणलेला तोच कप
आज मुद्दाम काढलाय,
शेजारी एक धड.
तो बघतोय. मोजतोय बहुतेक.
मी काही बोलत नाही.
दोन्ही चहांवर साय धरतेय.