आठ आण्याएवढी जागा

पोट्टे भांडून राहिले होते
कस्तुरचंद पार्कच्या कठड्यावर,
तर्री-पोह्याच्या प्लेटा मांडीवर घेऊन:
जगातला सगळ्यात मोठा पिचर कोण?
एक म्हणे वेग. एक म्हणे, बाद किती केले ते मोजा.
तिसऱ्यानं मोबाइल काढला, त्यात
परदेशातले आकडे, दशांशासकट.
मग एकाला मी दिसलो.
"काका, तुम्ही कॅचर होते ना बे?"
आणि जीभ चावली त्यानं.

होतो.
अकरा वर्षं उकिडवा बसलो
मोरेश्वर निनावेच्या समोर.
आडनावच असं, की पेपरात छापून आलं तरी
वाटावं, नाव द्यायचं राहून गेलं.

तांडापेठेतला. घरात माग.
बाप धोटा फेकायचा इकडून तिकडे,
खटक्-खटक्, दिवसभर, एक धागा न तोडता,
आणि हा दारात बसून बापाचं मनगट बघायचा.
कोच म्हणाल, तर तेवढाच.

वेग कोण मोजणार?
स्कोअर लिहायचा अजनी शेडमधला एक बाबू,
पेन्सिलनं, पाठकोऱ्या कागदांवर,
आणि ते कागद त्याच्या बायकोनं
एका दिवाळीत रद्दीवाल्याला दिले, किलोच्या भावानं.
आकडे माझ्यापाशी नाहीत.
डावा तळहात आहे.

हा बघा. तर्जनीच्या बुडाशी
आठ आण्याएवढी जागा.
ग्लोव्हातला कापूस इथंच विरला.
जुन्या मोज्याचा तुकडा भरला,
तोही इथंच विरला.
बाकीचा हात कोरा.
डिसेंबरात नळाखाली धरला
की एवढंच दुखतं.

हजारो असतील.
मे महिन्यातले, शेचाळीस डिग्रीतले,
मास्कची तार गालाला चटका देते तेव्हाचे;
घामानं बोटं घसरतात तेव्हाचे;
त्याची बहीण मेडिकलमध्ये भरती होती
त्या आठवड्यातले.
कोणता कधीचा, हाताला सांगता येत नाही.

चुकला नाही असं नाही.
अमरावतीवाल्यांशी मॅच, शेवटचा डाव,
मी दोन बोटं दाखवली. त्यानं मान हलवली.
अकरा वर्षांत तेवढं एकदाच.
मी म्हटलं बरं, एक बोट.
आला सरळ, आणि त्या जाड्या डावखुऱ्यानं
असा हाणला, की भिंतीवरून नागनदीत.
नदी आपण म्हणायचं. शहराचं नाव तिच्यावरून,
वास महापालिकेचा.

चेंडू दोनच होते मॅचला,
दुसऱ्याची शिवण उसवलेली.
अंपायर घड्याळ बघे, अमरावतीवाले नाचत होते,
आणि हा बूट काढून, शेजारी शेजारी ठेवून
उतरला नाल्यात.
राखीव पोरं उभी होती काठावर, रिकामी.
गुडघ्यापर्यंत काळा होऊन वर आला,
चेंडू मातीत घोळवला, पँटीला पुसला,
म्हणाला, "तुहं बरोबर होतं,"
आणि पुढचे तीन
त्याच चेंडूनं, त्याच वासासकट,
इथं.

हरलो तरी आम्ही. एका रननं.

आता त्याचा खांदा वर जात नाही.
दोरीवर कपडे वाळत घालायला सून लागते.
माग भंगारात गेला.
गोळीबार चौकात भेटतो कधी,
तब्येतीचं विचारत नाही, माझा डावा हात घेतो
आणि अंगठ्यानं दाबून बघतो,
अजून आहे का.

पोट्टे गप्प.
एकाच्या प्लेटीत तर्री गार होऊन
तेल वर आलेलं.
मग तो मोबाइलवाला, हळूच:
"पण काका, स्पीड किती असन अंदाजे?"

"सांगतो," म्हटलं. "आधी चहा सांग बे."