मधमाशांनंतर

हेडविकाबाईंनी किल्ली दिली नाही,
दाराला कुलूपच नव्हतं.
"न्या," म्हणाल्या, "पण आधी त्यांना विचारा."

त्या म्हणजे माशा.
एकतीस वर्षं ही रेलकार
आलुबुखाराच्या झाडांखाली चाकांवाचून बसलेली,
इंजिन काढलेल्या पोटात चौदा पेट्या,
आणि गार्डच्या फळीवर धुराडं, जाळीची टोपी, चाकू.
नवऱ्याने भंगाराच्या भावात घेतली होती,
अर्धे पैसे रोख, अर्धे मधात.

आम्ही पाच जण टोप्या काढून उभे.
माशांना काय विचारायचं, कसं?
आलोइस तेवढा वाकला.
पहिल्या पेटीवर तळहात ठेवून
बराच वेळ तसाच राहिला,
मग आमच्याकडे वळून
मान हलवली.

त्याला ऐकू येत नाही.
याच इंजिनांच्या शेजारी बसून
बोहेमियाच्या टेकड्या चढता-उतरता
कान झिजले त्याचे.
पेन्शन मिळते, कानांचे वेगळे काही मिळत नाही.

मग शनिवार. चार हिवाळ्यांचे शनिवार.
शेडचं छप्पर गळकं, चहाला ग्रीसची चव,
नखांत गंज, जो सोमवारी
दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडताना
मी टेबलाखाली लपवते.
इथे मी गाद्या शिवते.
जुन्या गादीत घोड्याचे केस निघाले,
एक चिमटा, वाटाण्याएवढं बटण,
आणि तिकीट: एकेरी,
परतीचं नाही.

रंग खरवडला. वर बागेतला हिरवा,
त्याखाली लाल, त्याखाली साय,
सगळ्यांत खाली शिशाचा करडा.
कोणता लाल खरा, यावरून
रादोवान आणि मी तीन आठवडे बोललो नाही.
वेंदुला सतरा वर्षांची, मधून निरोप पोचवायची.
शेवटी तिनेच डबा उघडला आणि लावायला घेतला.
तो लाल दोघांचाही नव्हता.
आता सगळे म्हणतात, हाच.

इंजिन सीमेपलीकडून आलं,
दुसऱ्या एका गाडीचं,
जिचं बाकी काहीच उरलं नव्हतं.
पराया काळजासारखं त्याला
बसवलं, उचललं, पुन्हा बसवलं.
दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटरसाठी
अख्खा नोव्हेंबर.

फेब्रुवारी. उणे अकरा.
किटल्या-किटल्यांनी रेडिएटरात ऊन पाणी,
आणि हेडविकाबाई शालीत गुंडाळून
तिसऱ्या बाकावर, प्रवासाला निघाल्यासारख्या.
पहिला धक्का: काही नाही.
दुसरा: पांढरा धूर, खोकला.
तिसऱ्याला ते लागलं,
पण लंगडत,
एक पाय ओढत.
आलोइसने झाकणावर हात ठेवला.
डोळे मिटले.
मग तीन बोटं वर केली.
तिसरा सिलिंडर.

बंद. इंजेक्टर बाहेर. दुसरा आत.
कुणी बोललं नाही. बोलून त्याला काय.
आणि मग ते आलं,
सगळे पाय जमिनीला लागलेलं एक चालणं,
खिडक्यांच्या काचा दाताशी दात वाजवू लागल्या,
आलोइसने दुसराही हात ठेवला
आणि हसला, आम्हाला पाठ करून.

वीस मिनिटांनी हीटरच्या नळ्या तापल्या.
तेव्हा वास आला.
डिझेलचा नव्हे.
फळ्यांच्या सांध्यांतून, खिडकीच्या खाचांतून,
आम्ही घासून, धुऊन, पॉलिश करून
संपवलं समजलो होतो ते मेण
हळूहळू खाली उतरत होतं.
लिंडनची फुलं, धूर, ऑगस्ट.

रादोवानने खिशातून चिंधी काढली
आणि तशीच हातात धरून राहिला.
हेडविकाबाई म्हणाल्या,
"खिडकी उघडा जरा.
उकडतंय त्यांना."
उघडली. बाहेर बर्फ.

मे महिन्यात तपासनीस आला.
ब्रेक ठीक, दिवे ठीक, भोंगा जरा मोठा.
शेवटी एक ओळ त्याने हाताने लिहिली:
भिंतीतून अज्ञात पदार्थाची गळती,
दुरुस्त करावी.

अजून केलेली नाही.