पायताणं

भिलवडीकडं लग्न असलं की दुंडाप्पा
आधी चुलीकडं जायचाच नाही.
मांडवाच्या तोंडाशी उकिडवा बसायचा
आणि पायताणांकडं बघायचा.

"हातभर लांब, हातभर रुंद. मोज."
मी मोजायचो. नऊ.
"आठ धर. निम्मी माणसं. चार."
मग कोपरानं हवेतच माप टाकत
सगळी रास ओलांडायचा,
अठरा हात, सहा हात,
"म्हण शंभर. वरचे आठ सोड,
शंभराशी कुणाचं भांडण नसतंय."
चारशे.

"पोरं अनवाणी पळत्यात, ती धरली न्हाईस.
आणि ज्यांची कोल्हापुरी नवी हाय
ते ती पिशवीत घालून पंगतीला बसत्यात.
घाल पन्नास."
शंभराला दहा किलो तांदूळ, पंचेचाळीस.
डाळ त्याच्या पाव.
पंचेचाळीस पाव सव्वाअकरा,
हे तो देवाचं नाव घ्यावं तसं पुटपुटायचा.
शाळा चौथीत सुटली होती, पावकी नाही.

चुकायचा का? चुकायचा की.
अंकलखोपात दोन घमेली हुग्गी उरली
तेव्हा मालकाला तोंडावर म्हणाला,
"चुकायचंच तर गाईच्या अंगानं चुकावं."

मग त्या वर्षी कृष्णा गावात शिरली.
शाळेच्या वर्गांत माणसं आणून सोडली
आणि आम्हाला निरोप आला, भात टाका.
दाराशी सतराच पायताणं,
त्यातली एक जोडी दोन्ही डाव्या पायांची.
बाकीची नदीनं नेलेली.
मी सवयीनं निम्मी करायला लागलो.

तो बसलाच नाही.
ओला टॉवेल खांद्यावर टाकून
वर्गावर्गात फिरला,
एकेक डोकं मोजत,
पांघरुणाबाहेर नुसती टाच दिसली
तर वाकून, कुणाची ते बघून.
चुलीवरचं आधण दोनदा उकळून आटलं.
तीनशे चौदा.

बाहेर आला, हात धुतले.
"साडेतीनशे धर."
"मोजलीसा की आत्ता," मी म्हणालो.
"आली ती मोजली."

मध्यरात्री होडी लागली. अठ्ठावीस जण.
भात गार होता, पण होता.

सकाळी आठांचा उरला.
गाय जिन्याखाली बांधलेली होती.