एकदाच

खाली रामकुंडावर ओले पंचे झटकतात,
वर गायधनींच्या माडीवर मी
स्कॅनरखाली वही धरून बसते.
लाल बासन, मोडी अक्षर, तपकिरी पडलेली शाई.

काम सोपं सांगितलं होतं: वंशावळी यंत्रात घ्या.
आधी तक्ता. लेकरागणिक बापाचा क्रमांक,
आणि तो क्रमांक तक्त्यात असलाच पाहिजे,
नसेल तर ओळ परत.
मग त्यांना वृक्ष हवा झाला, नुसते ठिपके आणि बाण.
तिथे ओळ परत पाठवणारं कुणी नाही.
तोच नियम पुन्हा लिहिला:
बाण सुटला तर कुठेतरी रुतला पाहिजे.
मग म्हणाले, घराण्यागणिक एक पाकीट करा,
घडीत घडी, सगळे आत.

निफाडची वेणू लग्नात शालिनी झाली.
सासरच्या पाकिटात शालिनी:
अस्थिविसर्जन, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८९६.
माहेरच्यात वेणू:
वय सत्त्याण्णव, आणि वाढतंय.
यंत्राने हूं की चूं केलं नाही.
आपापल्या घडीत दोघी बरोबर.

यज्ञेश्वरकाकांना विचारलं,
तुमच्या वहीत हा नियम कुठे लिहिलाय?
ते चष्मा पुसत होते, पुसतच राहिले.
“वहीत कशाला असेल?
टाक टेकवायच्या आधी विचारायचं, कुणाची लेक?
माहेरचा उपाध्याय कोण?
आणि नदीपलीकडे भद्रकालीत पोरगं पिटाळायचं.
तिथल्या वहीतही जायला हवी ना ती.”

वेणूच्या वेळी पोरगं गेलं नसावं.
नदीला पाणी असेल,
किंवा वाटेत भेळ.

रात्री गंगापूर रोडच्या खोलीत
कोऱ्या फाइलच्या डोक्यावर साध्या मराठीत लिहिलं:
नावं कितीही असोत, बाई एकदाच जन्मते,
एकदाच मरते.
खाली तेच तीनदा,
तक्त्याला कळेल असं, वृक्षाला, पाकिटांना.
बापाच्या नावावरून जोड्या लावल्या, चालवलं.

तिन्हींतून त्याच वर आल्या.
चारशे बारा. माहेरी अजून जिवंत.
पुरुष एकही नाही.

एकेकीची तिथी माहेरच्या पानावर उतरवत गेले
पहाटे दूधवाल्याची घंटा वाजेपर्यंत.
वेणूची राहू दिली.
ती उद्या काकांसमोर लिहीन,
कुणाची लेक, ते आधी विचारून.