खालच्या कप्प्यातली गोळी

उदगीरच्या मोंढ्यासमोर माझं मेडिकल.
बावीस वर्षांत या गोळीच्या किती पट्ट्या कापल्या
त्याचा हिशेब नाही.
लग्नसराईत जास्त खपायची. रमजानमध्ये रात्री उशिरा.
मिरचीच्या हंगामात हमाल यायचे
छातीवर मूठ ठेवून.

मल्लिनाथआप्पा मापाडी त्यातलेच.
"जळजळालंय बघा, द्या तुमची ती."
मी द्यायचो. दोन, कधी तीन.
पुढं म्हणाले, पोट दुखालंय. दिली.
पुढं इकडंतिकडं बघत, काउंटरवर वाकून,
रक्त पडालंय म्हणाले.
मूळव्याध असंल, म्हणालो मी,
आणि गोळीसोबत एक मलम दिलं.
चौदा महिने.

मग लातूर. दुर्बीण.
आतड्याचा वीतभर तुकडा.
आप्पांची पाठ ताठच राहिली,
सदरा मात्र मोठा झाला.

काल आले. सोबत लेक, शिवलीला, हातात फाईल.
चिठ्ठीवर केमोच्या नावांखाली
तीच.

वाटलं, वाचण्यात चुकलो. फोन लावला.
तिथल्या मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे.
जुनं औषध नवं काम करतंय का, बघतोय आम्ही.
गाठीच्या पेशी सुटून दुसरीकडं जाऊन चिकटतात,
ते चिकटणं कदाचित अडेल.
कदाचित, हं.
केमो चुकवायची नाही.
आणि गावभर सांगू नका, कॅन्सरवर गोळी निघाली म्हणून.

खालच्या कप्प्यातून डबा काढला.
हिच्यासाठी कंपनीचा माणूस आता येत नाही,
महागाच्या नव्या गोळ्या वर, डोळ्यांसमोर.
हिच्यावर धूळ.
एक्स्पायरी दोनदा बघितली.

कात्री हातात, आणि हात चालेना.
हीच ना आप्पा,
जिनं तुमचं दुखणं माझ्या काउंटरवर
दाबून ठेवलं चौदा महिने?
हीच, का मी?
बोललो नाही.
पैसे राहू द्या म्हणालो, तर चिडले:
"फुकट कामून? मापात पाप नगं."

मग पट्ट्या स्वतःकडं ओढून
मोजायला लागले,
जन्मभर तुरीची, हरभऱ्याची मापं टाकली
त्याच सुरात.
मापाड्यानं एक म्हणायचं नसतं.

लाभ
दोन
तीन

शिवलीला रिक्षा बघायला बाहेर गेली होती.
मी चिठ्ठीवर शिक्का मारला.
तिरका बसला.