काडीमोड

कुडाळच्या वकिलाने कागदावर 'घटस्फोट' लिहिलं.
स्फोट कसला.
ताईच्या घरात साधा आवाजही नव्हता,
चार वर्षं दोघं एकमेकांना वळसा घालून चालत होती.
आणि घट म्हणावा तर एक डेचकी होती,
तळाला पोचे आलेली. ती तिने आणली.

पण तात्या कुबलांना कागद पुरेना.
कोर्टाचा कोर्टात, म्हणाले,
आणि देवबागच्या खळ्यात चार माणसं बसवली.
काडी आण रे.
खळं सारवलेलं, लख्ख. काडी कुठली?
मी खराट्यातून एक हीर उपसला.

एक टोक जयवंताने धरलं, दुसरं दमयंतीताईने.
हीर वाकला.
ओढला, पिळला, उलटा दुमडला,
पांढरे धागे निघाले, पण तुटेना.
(कित्येक दिवसांनी दोघं मिळून
एक काम करत होती.
जयवंत तर म्हणालासुद्धा, तू घट्ट धर.)
चौघांतला एक हसला, मग खोकला.
सुको बघ रे, तात्या माझ्यावर खेकसले.
मी रापणीच्या जाळ्याखाली शोधत राहिलो,
मिळाली एक आइस्क्रीमची काडी,
ती न्यायला मला लाज वाटली.

पेळेवर बसलेला निनाद, सात वर्षांचा,
म्हणाला, कट्टी अशी नसता,
करंगळी लागता.

तेव्हा ताईने तिचं टोक सोडून दिलं.
हीर सळकन सरळ झाला,
जयवंताच्या बोटांना लागला.
मोडली, मोडली, म्हणत माणसं उठली,
चहा आला.
मी हीर परत खराट्यात खोचला,
जरासा वाकडा.

आता ताई मालवणच्या बाजारात बसते.
गिऱ्हाइकं बांगड्याच्या डोळ्यांत बघतात
आणि विचारतात तिला,
सोडल्यान काय गो तुका?
हा आमच्याकडचा जुना प्रश्न,
त्यात बाई नेहमी 'तुका' असते.
पहिल्या वर्षी ती मान खाली घालायची.
परवा मी शेजारी बर्फ फोडत होतो.
वाटा नीट लावून, हात पुसून
ती म्हणाली,
हीर मोडाक नाय गो.
मिया सोडलंय.

ती बाई थोडी थांबली.
मग म्हणाली, दोन बांगडे वरती घाल.