दोनच वेढे

वडगावात साडेदहाला माग बंद होतात,
कानातले होत नाहीत.
खटक-खट, खटक-खट,
उशीखाली कुणीतरी अजून
सहावारी विणतच असतं.

आधी मी त्या आवाजावर क्वार्टर ओतायचो.
आवाज बुडायचा. मीही.
पहाटे तीनला दोघंही वर यायचो
घशाला कोरड,
आणि छातीत धोटा इकडून तिकडे.

आता दुसऱ्या पाळीला निघताना
वाटीत खसखस भिजत घालून जातो.

हे शेजारच्या नीलव्वानं शिकवलं.
तिचं मराठी बाजारापुरतं,
माझं कानडी शिव्यांपुरतं.
मागच्या कंपाउंडवरून तिनं मूठ उघडली,
"गसगसे," म्हणाली,
मग मान एका बाजूला टाकून
खोटं खोटं घोरून दाखवलं.
तेवढं व्याकरण पुरलं.

वाटायची ती पाट्यावर.
मिक्सर लावला तर पोरगी उठते,
आणि मला तर मिक्सरसुद्धा मागच वाटतो.
पाट्यावर खसखस आधी पळते,
कडेला जाते, बोटांना चिकटते,
घाई करशील तर हाती लागणार नाही म्हणते.
चमचाभर ओलं खोबरं टाकलं की नरमते.
मग पांढरी, लोण्यासारखी,
आणि मला कळतं की मघापासून
माझा श्वास वरवंट्याबरोबर जा-ये करतोय.

दूध मंद आचेवर.
गूळ गॅस बंद केल्यावरच.
हे मला कुणी शिकवलं नाही,
तीन वेळा दूध फाटलं तेव्हा समजलं.
उकळत्यात गोड टाकू नये.
रेणूशी बोलतानाही
हेच आधी समजलं असतं तर.

शेवटी सहाण.
जायफळाचे दोनच वेढे, मोजून.
तिसरा दिला की सकाळी डोकं जड होतं,
आणि जड डोक्याची सकाळ
माझ्या फार ओळखीची आहे.
तिला पुन्हा उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही.

झोप लगेच येते असं नाही.
क्वार्टर कसा मागून ढकलून पाडायचा.
हे दूध दारात थांबतं,
चपला काढतं,
घरात कोण कोण आहे ते बघतं,
मग हळूच पायथ्याशी बसतं.
एखाद्या रात्री बसतही नाही.
मी पडून राहतो,
नीलव्वाच्या घरातलं घड्याळ ऐकतो,
आणि कुठलंच दुकान आठवत नाही.
खरं सांगायचं तर आठवतं.
पण त्याचं शटर आठवतं, खाली ओढलेलं.

रेणू दवाखान्यातून सातला येते,
रात्रभर दुसऱ्यांच्या उशा बदलून.
तिचा अर्धा पेला झाकून ठेवलेला असतो,
दिवसा झोपायचं म्हणजे तिलाही कसरतच.
पण ती आधी माझा पेला उचलते.
मोरीपाशी उभी राहून
नाकाशी नेते.
दीड वर्ष झालं, रोज.
ती लपवत नाही, मी विचारत नाही.
सात वर्षांचं नाक आहे ते,
दीड वर्षात कसं विसरेल.

आज मी चादर तोंडावर घेऊन पडलो होतो, जागाच.
पेला उचलल्याचा आवाज आला,
मग नेहमीची ती शांतता,
जिच्यात माझा श्वास अजून अडकतो.
नेहमीपेक्षा जरा लांबली.

"भरमा," ती म्हणाली,
"तीन वेढे दिलास काय रे रात्री?"

दोनच, मी म्हणालो.

"मग हे जायफळ बरं असलं पाहिजे,"
म्हणाली, आणि नळ सोडला.